इंजिन म्हणतं डाव चुकांनी भरलेला आहे, मग अँडरसन शिकायचा कशासाठी?

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलगी बारा वर्षांची, तीन वर्षांपासून स्पर्धा खेळते. तिच्या प्रशिक्षकांनी तिला अडॉल्फ अँडरसनचा ‘अमर डाव’ पाठ करायला सांगितला. तिने तो संगणकावर, चाली तपासणाऱ्या इंजिन नावाच्या प्रोग्राममध्ये घातला, तर दोन्ही बाजूंच्या चालींवर लाल खुणाच खुणा. तिचं म्हणणं, “बाबा, या काळ्यापेक्षा मी बरी खेळले असते.” वडील विचारतात : हा जर्मन खेळाडू खरंच मोठा होता, की तेव्हाचे बाकीचे कच्चे होते म्हणून मोठा दिसतो? आणि आजच्या मुलांनी त्याच्यावर वेळ घालवावा का?

पंचवीसहून अधिक वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवतोय. हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या लेकीचं म्हणणं खोटं नाही, हे आधी सांगतो. त्या डावात चुका आहेत. अठराव्या चालीला अँडरसनने, म्हणजे पांढऱ्याने, उंट डी६ वर (डी स्तंभातल्या सहाव्या घरावर) नेला आणि दोन्ही हत्ती मारायला मोकळे सोडले. त्याऐवजी डी-प्यादं एक घर पुढे टाकलं असतं तरी जोखीम न घेता डाव पांढऱ्याच्या हातात होता. उंट डी६ वर आल्यावर काळ्यालाही वाट होती : आधी वजिराने ए१ चा हत्ती शह देत घ्यायचा, राजा सरकला की वजीर परत बी२ वर आणायचा. मग पांढऱ्याला पुष्कळ झगडावं लागलं असतं. काळ्याने खेळणाऱ्या किझेरित्स्कीने आधी उंटाने जी१ चा हत्ती घेतला आणि तिथे डाव संपला. हे सगळं संगणक येण्याच्या खूप आधी माणसांनी पटावर बसून शोधून काढलेलं आहे.

पण इंजिन चूक दाखवतं, चाल सुचली कशी ते दाखवत नाही. अँडरसनकडून शिकायचं ते हेच, आणि ते समजायला तो माणूस कोण होता आणि कुठे बसून खेळत होता हे थोडं माहीत हवं.

अँडरसन ६ जुलै १८१८ रोजी ब्रेस्लाऊला जन्मला. हे शहर तेव्हा प्रशियात होतं. आज ते पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्सवाफ. नऊ वर्षांचा असताना वडिलांनी चाली शिकवल्या. गणित आणि तत्त्वज्ञान शिकून तो त्याच गावातल्या शाळेत मास्तर झाला आणि जन्मभर मास्तरच राहिला. लग्न केलं नाही, आई आणि अविवाहित बहीण यांच्यासोबत राहिला. जगातला सर्वांत बलवान खेळाडू म्हणून लोक त्याच्याकडे बघत होते तेव्हाही सुट्ट्या संपल्या की तो वर्गात हजर असे. त्याच्या कारकिर्दीत मध्येमध्ये जी मोठी रिकामी वर्षं दिसतात, त्यांच्यामागे ही नोकरी आहे.

पण बुद्धिबळाच्या जगात त्याचं नाव आधी झालं ते खेळाडू म्हणून नव्हे, कूटप्रश्न रचणारा म्हणून. १८४२ साली त्याने स्वतः रचलेल्या साठ कूटांचं पुस्तक काढलं. ‘पांढऱ्याची चाल, चार चालींत मात’ अशा धर्तीची कूटं. ही गोष्ट बहुतेक लोक एका ओळीत उरकतात. मला मात्र वाटतं, अँडरसनची किल्ली इथेच आहे.

कूट रचणाऱ्याची सवय खेळणाऱ्यापेक्षा वेगळी असते. खेळणारा विचारतो, “आता काय चालू?” रचणारा शेवटाकडून सुरुवात करतो. मात कुठल्या घरावर, कुठल्या मोहऱ्याने, हे आधी ठरवतो आणि मग तिच्या आड काय येतंय ते बघतो. राजाची पळण्याची घरं कोण अडवतंय? मातेचं घर कोण राखतंय? राखणाऱ्याला तिथून हलवायचं कसं?

आता अमर डावाचा शेवट या नजरेने पाहा. विसाव्या चालीनंतर काळ्याचा राजा ई८ वर आहे. पांढऱ्याचे घोडे डी५ आणि एफ५ वर, उंट डी६ वर. पहिली धमकी : घोड्याने जी७ चं प्यादं मारत शह, राजा डी८ वर जाईल, मग उंट सी७ वर मात. काळ्याने ती ओळखली आणि घोडा ए६ वर आणून सी७ राखलं. मग दुसरं घर उरतं, ई७. ते कोण राखतंय? जी८ चा घोडा. त्याला तिथून उठवायचं तर समोर असं काही ठेवायला हवं की जे घेण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. म्हणून घोड्याने जी७ चं प्यादं मारत शह, राजा डी८ वर, आणि मग वजीर एफ६ वर, शह! घोड्याने वजीर घेतला, ई७ उघडं पडलं, उंट तिथे बसला आणि मात झाली.

पट मोजून पाहा. पांढऱ्याने एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर दिला. काळ्याचे सगळे मोठे मोहरे पटावर जिवंत आहेत, गेली आहेत फक्त तीन प्यादी. पण वजीर आणि एक उंट पार दुसऱ्या टोकाला, ए१ आणि जी१ वर अडकलेत, आणि ए८ चा हत्ती, एच८ चा हत्ती, सी८ चा उंट जागचे हललेलेही नाहीत. ‘मोहरे लवकर बाहेर काढा’ हे आम्ही वर्गात शंभर वेळा सांगतो. हा शेवट एकदा दाखवला की पुन्हा सांगावं लागत नाही.

हीच स्थिती मी नव्या मुलांसमोर मांडतो. बहुतेक मुलं एकेक शह देऊन बघतात. “ई७ कोण राखतंय?” हा प्रश्न स्वतःला विचारणारं मूल क्वचित भेटतं, आणि ते मूल पुढे चांगलं खेळतं असा माझा अनुभव आहे.

हा डाव झाला २१ जून १८५१ रोजी लंडनच्या सिम्पसन्स दिवाणमध्ये. त्या वर्षी लंडनमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, त्या निमित्ताने इंग्लंडचा आघाडीचा खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन याने पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा घडवून आणली. सोळा खेळाडू, हरला तो बाहेर. ब्रेस्लाऊच्या मास्तरला निमंत्रण मिळालं ते १८४८ मध्ये त्याने डॅनियल हारवित्झशी बरोबरी साधली होती म्हणून. पण प्रवासखर्च परवडेना. बक्षीस मिळालं नाही तर तुझा खर्च मी देईन, अशी तयारी खुद्द स्टॉन्टनने दाखवली. आणि उपांत्य फेरीत अँडरसनने त्याच स्टॉन्टनला ४-१ असं हरवलं, अंतिम फेरीत वायव्हिलला ४-२, आणि स्पर्धा जिंकली.

पहिल्या फेरीत त्याच्यासमोर होता लायोनेल किझेरित्स्की. हा मूळचा दोरपातचा (आजचं एस्टोनियातलं तार्तू), पण पॅरिसच्या ‘कॅफे द ला रेजाँस’ या कॉफीगृहात त्याने बस्तान बसवलं होतं. तिथे तो शिकवण्या घ्यायचा, तासाला पाच फ्रँक. पहिल्या फेरीचे सामने अगदी छोटे होते, त्यामुळे पॅरिसहून आलेला हा नामांकित खेळाडू आल्या पावली बाहेर पडला. अमर डाव मात्र स्पर्धेतला नाहीच. तो मोकळ्या वेळेत, सहज म्हणून खेळलेला. हरलेल्या किझेरित्स्कीला तो इतका आवडला की त्याने चाली आपल्या मासिकात छापल्या. ‘अमर’ हे नाव १८५५ मध्ये अर्न्स्ट फाल्कबीअरने दिलं. स्वतःची हार अशी मिरवणारा खेळाडू आज बघायला मिळणार नाही, आणि मला त्या माणसाविषयी फार आदर वाटतो. दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला.

आता तुमच्या लेकीचा मुख्य आक्षेप : काळा इतका वाईट का खेळला? यासाठी तेव्हाची कॉफीगृहं डोळ्यांसमोर आणायला हवीत. बुद्धिबळ ही बसून बघायची गोष्ट होती. टेबलाभोवती माणसं उभी, डावावर थोडे पैसे लागलेले, आणि बलवान खेळाडू कच्च्याला एखादं प्यादं, घोडा किंवा हत्तीसुद्धा आधीच सोडून देऊन खेळणार, म्हणजे लढत रंगेल. गॅम्बिट, म्हणजे सुरुवातीलाच मुद्दाम देऊ केलेलं प्यादं, पुढे केला तर घ्यायचा, ही रीत होती. दिलेलं प्यादं नाकारून आधी राजा सुरक्षित करणं आज शहाणपणाचं वाटतं, तेव्हा ते मचूळ वाटायचं. बचाव ही शिकण्यासारखी कला आहे, हेच अजून फारसं कुणी मांडलेलं नव्हतं. पांढऱ्यानेच पहिली चाल करायची हा नियमसुद्धा सगळीकडे पक्का झाला नव्हता.

आणि वेळेचं बंधन नव्हतं. १८५१ च्या स्पर्धेत घड्याळ नव्हतंच. काही जण एकेका चालीला इतका वेळ लावत की समोरचा बसून बसून थकून चूक करी. एलाइजा विल्यम्सच्या संथपणावर स्टॉन्टन किती चिडला होता ते त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं आली, चोवीस चालींना दोन तास. आज चालीमागे तीस सेकंद वाढीव मिळतात त्याची सुरुवात अशी झाली.

जर्मनीत मात्र आणखी एक प्रवाह होता आणि तो कॉफीगृहापेक्षा अभ्यासिकेच्या जवळचा होता. बर्लिनमध्ये १८२७ पासून बुद्धिबळाची संस्था होती. तिच्या आसपास सात खेळाडूंचा गट जमला, त्याला पुढे ‘बर्लिनचे कृत्तिका’ म्हणू लागले. त्यांतला बिल्गुअर हा लष्करी अधिकारी. सगळ्या ओपनिंगांची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पद्धतशीर मांडणी करणारं एक हस्तपुस्तक त्याने लिहायला घेतलं आणि १८४० मध्ये, पंचविशीतच तो गेला. त्याचा मित्र फॉन डर लासाने ते पुरं करून १८४३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यानंतर कित्येक दशकं नव्या नव्या आवृत्त्या काढत ते गंभीर खेळाडूंच्या टेबलावर राहिलं. १८४६ मध्ये या गटातल्याच ब्लेडोने बुद्धिबळाचं मासिकही सुरू केलं.

या हस्तपुस्तकात चाली अक्षर आणि आकडा यांनी लिहिलेल्या आहेत, आजच्यासारख्या. इंग्लंडमध्ये तेव्हा ‘राजाच्या बाजूचं चौथं घर’ अशा पद्धतीने लिहीत, आणि आपल्याकडेही माझ्या पिढीने सुरुवातीला तीच इंग्रजी पद्धत शिकली. जुनी पुस्तकं वाचायची म्हणजे काळ्याची आणि पांढऱ्याची घरं दोन्हीकडून वेगवेगळी मोजायची. १९८१ नंतर जागतिक संघटनेने ती बाद केली. तुमची लेक स्पर्धेत जो चालींचा कागद भरते, तो अँडरसनला लगेच वाचता आला असता, त्याच्याच काळातल्या लंडनकराला जड गेलं असतं.

आता अँडरसनचा दुसरा प्रसिद्ध डाव. १८५२, बर्लिन, समोर ज्याँ ड्यूफ्रेन. अँडरसन गेल्यावर, पुढे जगज्जेता झालेल्या स्टाइनिट्झने याला ‘सदाहरित’ असं म्हटलं. माझ्या मते शिकवायला हा अमर डावापेक्षा चांगला. एकोणिसाव्या चालीला अँडरसन ए१ चा हत्ती शांतपणे डी१ वर आणतो. ना शह, ना काही मारणं. काळा वजिराने एफ३ चा घोडा घेतो आणि आता पांढऱ्याच्याच राजाला मातेची धमकी आहे. पांढरा आधी हत्तीने ई७ चं मोहरं घेत शह देतो, काळा तो हत्ती घोड्याने घेतो. मग पांढरा वजिराने डी७ चं प्यादं घेतो, राजाला तो वजीर घ्यावा लागतो, आणि त्या क्षणी कळतं की शांत बसलेला हत्ती डी१ वर का आला होता : उंट एफ५ वर गेला की उंटाचा आणि हत्तीचा दोघांचा एकदम शह. दुहेरी शहाला राजा हलवण्यावाचून उपाय नसतो. पुढच्या दोन चालींत मात. या डावातही काळ्याला आणखी बरा बचाव होता, पण पाहायचं आहे ते हत्तीचं ते शांत सरकणं. जो कूटं रचतो त्यालाच ते सुचतं.

एक आडवळण घेतो, कारण कूटांचा विषय निघालाय. १८४५ मध्ये लंडनच्या बुद्धिबळ मासिकाकडे एक कूट आलं, दिल्लीहून, ‘शागीर्द’ या टोपणनावाने. पाठवणारा हेन्री लव्हडे, हिंदुस्थानात काम करणारा धर्मोपदेशक. त्यात पांढरा आपला मोहरा मुद्दाम मागे, दुसऱ्या मोहऱ्याच्या आड नेतो, म्हणजे काळ्याला चालायला घर उरतं आणि मग झाकलेली रेषा उघडून मात होते. ही कल्पना आजही जगभर ‘इंडियन’ नावानेच ओळखली जाते. अँडरसन ज्या वातावरणात घडला त्यात अशा कूटांवर लोक आठवडेच्या आठवडे घालवत.

मग तो मोठा होता की बाकीचे कच्चे? याचं उत्तर सुंदर डावांत शोधू नका, सामन्यांत शोधा. डिसेंबर १८५८ मध्ये नाताळच्या सुट्टीत तो पॅरिसला गेला आणि एकवीस वर्षांच्या, अमेरिकेच्या पॉल मॉर्फीशी खेळला. मॉर्फीने सात जिंकले, दोन हरले, दोन बरोबरीत. दणदणीत हार. मॉर्फी नुकताच आजारातून उठला होता, आणि अँडरसनने सबबी सांगितल्या नाहीत. कौशल्य काचेच्या कपाटात ठेवून हवं तेव्हा बाहेर काढता येत नाही, अशा अर्थाचं त्याने फॉन डर लासाला पत्रात लिहिलं. सरावाला तोडीचा माणूस ब्रेस्लाऊमध्ये मिळत नव्हता, ही त्याची खरी अडचण होती. त्या सामन्यात त्याने तीनदा पहिलीच चाल कडेचं ए-प्यादं एक घर पुढे अशी केली. लोक याला लहर म्हणतात. मला तो मॉर्फीच्या ओळखीच्या वाटांवरून त्याला बाजूला नेण्याचा प्रयत्न दिसतो, आणि त्या तीन डावांत त्याने एक जिंकला, एक बरोबरीत सोडवला, एक हरला. उरलेल्या सामन्याच्या मानाने हे कितीतरी चांगलं.

१८६२ मध्ये लंडनला पुन्हा स्पर्धा झाली, यावेळी प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. पुन्हा अँडरसन पहिला. १८६६ मध्ये स्टाइनिट्झने त्याला सामन्यात ८-६ असं हरवलं. चौदा डावांत एकही बरोबरी नाही! आणि मग १८७० चं बादेन-बादेन. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी हीच, पण तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अँडरसन बावन्न वर्षांचा. समोर स्टाइनिट्झ, ब्लॅकबर्न, नॉयमन, पाउल्सेन. १८ जुलैला सुरुवात झाली आणि दुसऱ्याच दिवशी फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. सरहद्द अगदी जवळ. अडॉल्फ स्टर्न या खेळाडूला लष्करात बोलावणं आलं आणि तो स्पर्धा अर्धवट सोडून गेला. बाकीचे खेळत राहिले. अँडरसनने स्टाइनिट्झला दोन्ही डावांत हरवलं आणि त्याच्यापुढे अर्ध्या गुणाने पहिला आला. हाच स्टाइनिट्झ १८८६ मध्ये पहिला अधिकृत जगज्जेता झाला, आणि त्या सामन्यात त्याच्यासमोर बसला होता झुकरटॉर्ट, ब्रेस्लाऊमध्ये अँडरसनच्या हाताखाली तयार झालेला.

चुकीच्या बलिदानांवर जगणारा माणूस अशी वीस वर्षं काढू शकत नाही. सुंदर डाव बघून आपण त्याला उधळ्या समजतो. त्याचे साधे, लांबलेले, शेवटी प्यादी पुढे ढकलून जिंकलेले डाव कुणी छापत नाही, म्हणून ते दिसत नाहीत.

१८७७ मध्ये त्याला चाली शिकून पन्नास वर्षं झाली म्हणून लाइपझिगला त्याच्या सन्मानार्थ स्पर्धा भरवली गेली. तो स्वतः खेळला आणि झुकरटॉर्टबरोबर संयुक्त दुसरा आला. त्याच मेळाव्यातून जर्मन बुद्धिबळ संघटना उभी राहिली. १३ मार्च १८७९ रोजी ब्रेस्लाऊमध्येच तो गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर पोलंडचं झालं, जुनी जर्मन वस्ती निघून गेली, तरी १९५७ मध्ये पोलंडच्या बुद्धिबळ संघटनेने त्याचे अवशेष हलवून शहरातल्या दुसऱ्या दफनभूमीत मानाने ठेवले. बुद्धिबळपटूंनी बुद्धिबळपटूसाठी केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

आता लेकीसाठी. डाव पाठ करायला लावू नका. पाठ केलेला डाव महिन्याभरात विसरतो. रोज सकाळी त्या काळातलं एक कूट, तीन चालींत मातेचं, पट मांडून आणि मोहऱ्यांना हात न लावता सोडवू दे. उत्तर आलं नाही तरी पंधरा मिनिटं तिथेच बसू दे. स्पर्धेत तिला जी मोजणी कमी पडते ती इथे वाढते, आणि हे मी माझ्या कित्येक विद्यार्थ्यांत पाहिलंय.

आणि रविवारी हे करा. अमर डाव अठराव्या चालीपर्यंत मांडा, उंट डी६ वर येईपर्यंत. ती काळ्याने खेळेल, तुम्ही पांढऱ्याने. तिने तोंडी म्हटलंय ना, की ती बरी खेळली असती? तर खेळू दे. संगणक बंद, घड्याळावर वीस मिनिटं. पहिली चाल करण्याआधी तिने कागदावर तीन गोष्टी लिहाव्या : पांढऱ्याला मात कुठल्या घरांवर करायची आहे, ती घरं आत्ता कोण राखतंय, आणि आपला कुठला मोहरा नुसता बसून आहे. मग खेळा. तिने काय लिहिलं आणि कुठली चाल केली ते मला कळवा, पुढचा डाव त्यावरून सुचवतो.